येतो म्हणाला आणि गेला

११ तारीख, मंगळवार

यॉट ठरवली. शनिवार ते शनिवार, सात दिवस, कप्तानासकट. घरी सांगितलं तेव्हा ही भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "आपल्याला पोहता तरी येतं का?"

"पोहायला नाही जायचं. बोटीवर बसायला जायचंय."

"बसायला घरी सोफा आहे."

चोवीस वर्षं ही माझ्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. फोन घेते, पेशंटांना वेळा देते, गरज पडली तर आत येऊन दिवा धरते. तिथे माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि उरलेला सगळा साठा घरी आल्यावर बाहेर काढते. आजही शेवटी मुद्द्यावर आलीच. "बोट घ्या, विमान घ्या, काय हवं ते घ्या. पण आधी तो हात एकदा दाखवून घ्या."

"कुणाला? ज्योतिषाला?"

हसली नाही.

हाताचं काय ते इथे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. माझा उजवा हात अधूनमधून किंचित थरथरतो. थकवा आहे. सत्तावीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितलं की मान धरते आणि मानेचं दुखणं हातात उतरतं, हे कुणीही सांगेल. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तो तपासण्या लिहून देणार, तपासण्यांत काहीतरी निघणार, आणि दातांच्या डॉक्टरचा हात थरथरतो ही बातमी गावभर होणार. मग दवाखाना बंद करून मी काय करू? पाट्या रंगवू? त्यालाही हातच लागतो.

शेवटी करार झाला. सात दिवस पूर्ण विश्रांती. त्यानंतरही हात थरथरला तर मुकाट्याने दाखवायचा. हिने लगेच उठून कॅलेंडरवर एकतीस तारखेभोवती गोल काढला. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ तिने आधीच घेऊन ठेवलेली होती. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच हिने निकाल लावला. चिडचिड झाली.

१४ तारीख, शुक्रवार

दिवसभर फक्त दात साफ करणं आणि तपासणं. एक दाढ काढायची नाही, एक मूळ भरायचं नाही. दात साफ करायला मी शिकलो का? समोरच्याकडे मात्र रांग. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दातांचा डॉक्टर, वय असेल तीस-बत्तीस, पाटीला निळे दिवे. लोकांना दिवे आवडतात, अनुभवाला कोण विचारतो! हिला म्हटलं, "आपणही लावू या का दिवे?" ही वहीत काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "लावू या." इतक्या पटकन हो म्हणायची तिची रीत नाही. कामात असेल.

बोटीवर चौघांची सोय आहे हे कळल्यावर हिने परस्पर बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून टाकलं. मेहुणीबद्दल माझी तक्रार नाही, ती हसतमुख आहे आणि तिचे दात चांगले आहेत. तक्रार साडूबद्दल आहे. साडू मोटार शिकवायची शाळा चालवतो. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला सूचना देणं हा त्याचा धंदा. कुठेही बसला तरी ब्रेक दाबावा तसा त्याचा पाय मधूनच दाबला जातो. जेवताना टेबलाखालीसुद्धा.

विश्रांती म्हणे!

२२ तारीख, शनिवार

ज्याने माहितीपत्रकातले फोटो काढले त्याचा सत्कार केला पाहिजे. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरी फसलो. 'प्रशस्त शयनकक्ष' म्हणजे बोटीच्या टोकातली तिकोनी फळी. त्यावर माझे आणि हिचे पाय एकाच कोपऱ्यात येतात. उठून बसलं की डोकं छताला लागतं. संडासाला हातपंप आहे आणि भिंतीवर अकरा सूचना चिकटवल्यात. मी सहाव्या सूचनेवर असताना साडू बाहेरून सातवी ओरडून सांगत होता.

कप्तान बरा वाटला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, मितभाषी. मला 'डॉक्टर' म्हणतो आणि हिला 'वहिनी'. धक्क्यावरून बोट अशी अलगद काढली की मेहुणीला कळलंच नाही. मी एक पाहिलं, तो पाव फक्त उजवीकडून चावतो. डावीकडे खाली काहीतरी दुखतंय.

दुपारी चहा झाला. माझा निम्मा बशीत आणि थोडा पँटवर. बोट हलते त्याला काय करणार? साडूचा थेंबही सांडला नाही, पण त्याने कप अर्धाच भरून घेतला होता.

अक्षर वाईट येतंय. टेबल हलतंय.

२३ तारीख, रविवार

सकाळी शीड उभारलं. खरं सांगायचं तर ते उभं राहिलं तेव्हा मी साडूलाही विसरलो. इंजिन बंद केलं, आणि नुसता वारा आणि पाण्याचा आवाज. ही पुढे जाऊन बसली होती, केस सोडून. कितीतरी वर्षांनी तिला कुणाला वेळ न देता, फोन न घेता नुसतं बसलेलं पाहिलं. वाटलं, बरं केलं आलो ते.

हे सुख पाऊण तास टिकलं. मग साडूने सुकाणू मागितलं. कप्तानाने दिलं. साडू "आरशात बघा, आरशात बघा" असं स्वतःशीच म्हणत होता आणि डेकवर पाय दाबत होता. बोट गोल फिरली. चहाची किटली गेली पाण्यात.

दुपारी कप्तानाने सगळ्यांना दोरीची गाठ शिकवली. बोट बांधायची गाठ, ओढ बसली की घट्ट होते आणि सोडायची म्हटलं की लगेच सुटते. मेहुणीला दुसऱ्या वेळी आली, साडूला तिसऱ्या, हिला तर बघूनच आली. माझी येईना. दोरी फार जाड होती आणि ओली. लोकांच्या तोंडात केसाएवढ्या बारीक दोऱ्याला मी गाठ मारतो, पण हे म्हणजे हत्तीचे साखळदंड! मी तसं म्हणालो तर मेहुणी हसून म्हणाली, "भाऊजी, नाचता येईना अंगण वाकडं!"

गंमतच होती, मी हसणार होतो. पण ही बहिणीवर डाफरली. "काहीही काय बोलतेस? कळतं का तुला?" बिचारी मेहुणी रडवेली झाली. मग हिने माझ्या हातातून दोरी घेतली आणि एका झटक्यात गाठ मारून खुंट्याला अडकवली. मला हे आवडलं नाही. मी प्रयत्न करत होतो.

२४ तारीख, सोमवार

एका आडोशाच्या जागी नांगर टाकलाय. तिन्ही बाजूंना टेकड्या आणि समोर छोटं गाव. धक्का हाकेच्या अंतरावर नाही, पण नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पाणी इतकं संथ की टेकडी त्यात उलटी दिसते. तरी माझा चहा सांडला. या बोटी बाहेरून स्थिर दिसतात, आतून हलत असतात.

दुपारी कप्तानाचा गाल सुजला. मी त्याला बाकावर बसवलं. सुट्टीवर आलो तरी छोटी पेटी बरोबर असतेच माझ्या. आरसा घेतला, टॉर्च साडूकडे दिली (तो ती कुठे धरायची ते मलाच सांगत होता) आणि कप्तानाला आ करायला लावलं. खालची डावी दुसरी दाढ, आतून पोखरलेली, मुळाशी पू. कितीतरी महिन्यांनी एक खरं काम समोर आलं होतं. मला बरं वाटलं हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

आरसा दाताला लागून टकटक वाजत होता. त्या आवाजाने कप्तानाचं लक्ष आरशाकडे गेलं, तिथून माझ्या हाताकडे. मग त्याने तोंड मिटलं.

"उद्या सकाळी काढून टाकू," मी म्हटलं. "सुई मारतो, कळणारही नाही."

"बघू, डॉक्टर," तो म्हणाला.

ही मागे उभी होती. "तुम्ही सुट्टीवर आहात ना?" म्हणाली.

"दाढ सुट्टी बघून दुखत नाही," मी म्हटलं. हे वाक्य चांगलं जमलं होतं, पण कुणी हसलं नाही.

२५ तारीख, मंगळवार

सकाळी पेटी उघडून सगळं मांडून ठेवलं. कप्तान लहान होडीत उतरत होता. म्हटलं, "कुठे?" तर म्हणाला, "जरा गावात. नांगर पक्का आहे, काळजी नको. बरं डॉक्टर, येतो मी." हिच्याकडेही बघितलं त्याने. "येतो, वहिनी." आणि वल्ही मारत गेला.

दहा वाजले, बारा वाजले. सुईचं औषध मी परत पेटीत ठेवलं. दुपारी दोनला समोर धक्क्यावर आपली लहान होडी बांधलेली दिसत होती. कप्तानाचा पत्ता नाही. त्याचा फोन बंद.

ती होडी नसेल तर आम्ही बोटीवरून उतरू शकत नाही. मला पोहता येत नाही. हिला येत नाही, मेहुणीला येत नाही. साडूला येतं म्हणतो, पण पाण्याकडे बघून म्हणाला, "आज जेवण जास्त झालंय."

मी पेटी पुन्हा मांडली. येतो म्हणालाय, येईल.

संध्याकाळ झाली. आला नाही.

२६ तारीख, बुधवार

नाही आला.

बोटीच्या पुढच्या टोकावर एका पायावर उभं राहिलं की फोनला रेंज येते. यॉट कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगी म्हणाली, "बोटीची काही अडचण असेल तर कृपया आपल्या कप्तानाशी बोला."

"कप्तानच नाहीये!"

"ते तुमच्याबरोबर असतील, सर."

"बरोबर असते तर तुम्हाला फोन केला असता का?"

"मी तुमची तक्रार नोंदवून घेते. तक्रारीचा प्रकार सांगा, बोट, जेवण की इतर?"

मी म्हटलं इतर. दुसरा माणूस शुक्रवारी पाठवतील म्हणे.

साडूचं म्हणणं, नांगर उचलून आपणच निघू. "शेवटी इंजिन ते इंजिन." त्याला कसंबसं आवरलं. मग दिवसभर तो मला समजावत होता की कप्तान पळाला. मी म्हटलं, पळून जाणारा माणूस 'येतो' म्हणत नाही. 'जातो' म्हणतो.

ही कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, आपल्यात कुणी 'जातो' म्हणतं का? परत यायचं असो नसो, माणूस 'येतो'च म्हणतो. तुमचे पेशंट नाही का, प्रत्येक जण जाताना 'येतो डॉक्टर' म्हणतो. सगळे येतात का परत?"

"माझे येतात," मी म्हटलं.

ही माझ्याकडे बघत राहिली. चिमटा तिच्या हातात तसाच होता. मग वळली आणि टॉवेलला लावला.

हिचं काहीतरी बिनसलंय. जेवतानाही "मला तुमच्याशी बोलायचंय" म्हणाली. मी म्हटलं आधी हा कप्तान सापडू दे. टाकीतलं पाणी निम्म्यावर आलंय, संडासाचा पंप उलटा चालतोय, आणि हिला गप्पा सुचतात.

कप्तानाचा मला भयंकर राग आलाय. मी त्याचं दुखणं बघितलं, फुकट औषध द्यायला निघालो, आणि हा माणूस आम्हाला पाण्यात सोडून गेला. केल्याची जाण म्हणून नाही कुणाला.

२७ तारीख, गुरुवार

काय लिहू ते कळत नाही. झालं तसं लिहितो.

सकाळी मी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला बसलो. साधी तक्रार नाही, त्या माणसाला पुन्हा कुणी बोटीवर पाय ठेवू देऊ नये अशी. 'बेजबाबदार', 'चार प्रवाशांचा जीव धोक्यात', 'कामावरून तात्काळ कमी करावं'. साडू शेजारी बसून शब्द सुचवत होता. पहिल्यांदाच आमचं पटत होतं.

हिने कागद वाचला. साडूला आणि बहिणीला म्हणाली, "तुम्ही दोघं जरा पुढे जाऊन बसा." ते गेले. बारा मीटरच्या बोटीवर पुढे म्हणजे किती पुढे, पण गेले.

"हे पाठवू नका," म्हणाली. "त्या माणसाची नोकरी जाईल."

"गेलीच पाहिजे!"

"तो तुमचा हात बघून गेला."

मी म्हटलं, काय?

"मंगळवारी पहाटे मी उठले तेव्हा तो बाहेर बसला होता. मला म्हणाला, वहिनी, डॉक्टर देवमाणूस आहेत, पण त्यांच्या हातात सुई बघायची मला हिंमत नाही. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. मी गावात दुसरा कोणी मिळतो का बघतो. मीच म्हटलं जा. एवढे दिवस लागतील असं मला वाटलं नव्हतं."

म्हणजे दोन दिवस ही सगळं जाणून होती, आणि मी पेटी मांडून बसलो होतो. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी म्हणालो, "एका अडाणी खलाशाला माझ्या हाताची पारख? इतकी वर्षं पेशंट येतायत, त्यांना नाही दिसलं ते!"

तेव्हा ती म्हणाली, अगदी हळू, "येत नाहीत. मी पाठवतच नाही आत."

मग तिने सगळं सांगितलं. आठ महिने झाले. आठ महिन्यांपूर्वी एका बाईंचा दात भरताना माझा हात सरकला आणि त्यांच्या गालाला आतून कापलं. मला वाटलं होतं त्या हलल्या. ही दिवा धरून उभी होती, तिने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून दाढ काढायची असली, मूळ भरायचं असलं, काहीही नाजूक असलं, की ही फोनवर सांगते, डॉक्टरांना महिनाभर वेळ नाही, समोर जा. तिने स्वतः जाऊन समोरच्याशी बोलून ठेवलंय. माझ्याकडे येतात ते फक्त साफ करायला.

समोरच्याला माहीत आहे. निळ्या दिव्यांच्या त्या पोराला.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"कधी? तुम्ही कधी ऐकता? चोवीस वर्षं तुमच्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात आणि एक शब्द बोलू शकत नाहीत. तुम्हाला तीच सवय लागलीय. घरीसुद्धा." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "मला भीती वाटायची. कुणाचं तरी काहीतरी होईल. आणि तुम्हाला सांगितलं तर तुमचं काय होईल, ती वेगळी भीती."

मी केबिनमध्ये जाऊन त्या तिकोनी फळीवर पडून राहिलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं तरी कुणावर?

दिवसभर कुणाशी बोललो नाही. बारा मीटरच्या बोटीवर अबोला धरणं सोपं नाही. मीठ मागायला तोंड उघडावं लागतं. मी अळणी खाल्लं.

पत्र फाडलं. ते तेवढं केलं.

२८ तारीख, शुक्रवार

सकाळी नऊला, कंपनीचा माणूस यायच्या आधीच, कप्तान आला. लहान होडीतून, एकटा. डावा गाल जबड्यापर्यंत टम्म सुजलेला, अंगात ताप. होडीतून चढताना हिने आणि साडूने त्याला हात दिला.

गावात दातांचं कुणीच नाही. तो बसने पुढच्या गावी गेला, तिथला डॉक्टर लग्नाला गेलेला. बहिणीकडे थांबला, तापाने पडून राहिला. फोन मंगळवारीच होडीतून धक्क्यावर चढताना पाण्यात पडला होता. "माफ करा, डॉक्टर," म्हणाला. "तुम्हाला असं सोडून जायला नको होतं. बोट मी आज नेऊन देतो. मग काय व्हायचं ते होऊ दे."

कसंबसं बोलत होता. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. मी जवळून बघितलं. सूज हनुवटीखाली उतरायला लागली होती. हे वाट बघण्यासारखं काम नव्हतं.

साडू आणि मेहुणीला काल काय बोलणं झालं ते ठाऊक नव्हतं. हिने सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. साडू म्हणाला, "अहो मग आता वाट कशाची? डॉक्टर आहेत, पेटी आहे, चला, साडूभाऊ, मी टॉर्च धरतो!" मी हललो नाही. तो हसायला लागला. "का हो, सुट्टीत फुकट काम करायचं नाही वाटतं?"

मेहुणीने त्याला कोपराने ढोसलं. ही काही बोलली नाही. ही बोलेल असं मला वाटलं होतं, काहीतरी सांगून सावरून घेईल, आठ महिने घेतलं तसं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, कप्तानाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती.

"मी नाही काढणार," मी म्हटलं. "माझा हात थरथरतो."

असं मोठ्याने म्हटल्यावर काही झालं नाही. टेकडी होती तिथेच होती. साडूचा पाय मात्र डेकवर दाबला गेला आणि तसाच राहिला.

"माहीत आहे, डॉक्टर," कप्तान म्हणाला.

मग कामाला लागलो. पेटीत जंतूंवरच्या गोळ्या होत्या, तापाच्या होत्या. मी डबी काढली, झाकण उघडायला हिच्याकडे दिली. किती गोळ्या, किती वेळाने, ते मी सांगितलं आणि तिने दिल्या. कप्तानाला बाकावर उशीला टेकवून बसवलं. तो बसल्या जागेवरून सांगत होता आणि साडू सुकाणू धरून चालवत होता. पहिल्यांदाच कुणीतरी शेजारी बसून साडूला सूचना देत होतं. साडू निमूट ऐकत होता, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मी पुढच्या टोकावर एका पायावर उभा राहून बंदराच्या गावातल्या दातांच्या दवाखान्याचा नंबर शोधला आणि सांगितलं, खालची डावी दुसरी दाढ, गळू, सूज खाली उतरतेय, दुपारी दोनपर्यंत आणतो, कृपा करून आत घ्या.

तीन तास लागले. धक्क्याला लावताना बोट थोडी घासली.

दवाखाना धक्क्यापासून दुसऱ्या गल्लीत. डॉक्टर तरुण मुलगी, केस घट्ट बांधलेले. कप्तानाला लगेच आत घेतलं. साडू आणि मेहुणी कप्तानाच्या घरी फोन लावायला गेले. मी आणि ही बाहेरच्या बाकावर बसलो.

दातांच्या दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर कधी बसलो नव्हतो. आतला प्रत्येक आवाज मला ओळखता येत होता. आता सुई. आता थांबलीय, बधिर व्हायची वाट बघतेय. आता चिमटा घेतला. बाई घाई करत नव्हती. हात चांगला असणार.

हिला म्हटलं, "एकतीस तारखेला किती वाजता आहे?"

"साडेदहा."

"ठीक आहे."

एवढंच बोललो. तिने पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

अर्ध्या तासाने ती मुलगी बाहेर आली. दाढ निघाली, पू निघाला, आजची रात्र इथेच झोपवते म्हणाली. मग मला म्हणाली, "फोनवर तुम्हीच होतात ना? अगदी नेमकं सांगितलंत. डॉक्टर आहात का?"

"दातांचाच."

"मग तुम्हीच का नाही काढलीत? उशीर झाला असता तर..."

मी उजवा हात मांडीवरून उचलून तिच्यासमोर धरला. तिने त्याच्याकडे बघितलं. हात लावला नाही. मग विचारलं, "कधीपासून?"

"चौदा महिने," मी म्हटलं.

ही बाकावरून अर्धवट उठली होती, ती परत बसली.

"चौदा?" म्हणाली. "अहो, मला आठच माहीत होते."